विषय : साखळी परत करणेबाबत

आंजी (मोठी),
२० नोव्हेंबर २०२४

अभी,

आशीर्वाद खाली लिहीन, आधी आयक. सगळ्यात पहिले आला तो भूपेंद्र. आपला झेरॉक्सवाला. कबड्डी मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून चपला दारातच काढते, नाई तर पह्यले चपलेसकट ओट्यावर यायचा. त्याच्यामागून मंडळाचाच रूपराव. तो काही बोलला नाई, सोफ्यावर बसला अन् सोफाच बोलला. अन् मी चहाचं आधण ठेवलं का नाई ठेवलं, तर समोरच्या घरातून अण्णाजी हजर. अण्णाजी तुले आठवतात ना? वर्ध्याच्या हापिसात मोठे बाबू होते. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, पण खिशाले अजूक दोन पेन, एक निळा, एक लाल.

तर गोष्ट अशी, का मंडळाचे कबड्डीचे सामने फेब्रुवारीत बावीस-तेवीसले ठेवले आहेत, अन् उद्घाटन तुह्या हातानं करायचं आहे. शाल, नारळ, भाषण, सगळं. बस स्टँडवर तुह्या फोटोचा मोठा फ्लेक्स. मले इतका आनंद झाला का चहात साखर दोनदा पडली. सगळ्यांनी तसाच घेतला, अण्णाजींनी तर दोन कप घेतले.

पण मंग भूपेंद्र विचारते, "आजी, तो नेमकं करते काय तिथं?"

मी म्हटलं, "अमेरिकेतल्या फुटबॉलचा डिफेन्स कोच आहे."

"म्हणजे गोल मारत नाई?"

मी म्हटलं, "बाप्पा, तिथं तसा गोल नसते. बॉल अंड्यावानी असते अन् हातात घेऊन पळतात. एक पार्टी बॉल घेऊन समोर घुसते, दुसरी तिले अडवते. त्या अडवणाऱ्यांचा मास्तर माहा नातू."

तर भूपेंद्र रूपरावकडे पाहून म्हणते, "म्हणजे स्वतः खेळत नाई, स्वतः अडवतही नाई, फक्त अडवा म्हणून सांगते." अन् हसले दोघं.

असा राग आला मले! कबड्डी मंडळाचा अध्यक्ष हे बोलते! तुह्या आबाजींनी तीस वर्षं पुलगावच्या शाळेत पोट्ट्यांले साखळी शिकवली. दोघांनी एकमेकांची मनगटं धरायची, चढाई करणारा आत आला का दोन्हीकडून मिटायचं. हा भूपेंद्र स्वतः त्यांच्या हाताखाली शिकला, अन् रोज बोटं धरायचा अन् रोज मार खायचा. मी ते सांगतलं सगळ्यांसमोर. मंग बशीतला चहा फुंकत बसला.

तू जरा मले सरळ लिहून पाठव, नेमकं काय काम आहे ते. फोन नको करू, फोनवर तुहा आवाज विहिरीतून आल्यावानी येते. आपलं हेच बरं. मी कागदावर लिहते, तुही रक्षाकाकू फोटो काढून पाठवते. तुह्या पत्राचा फोटो आला का भूपेंद्र दुकानात मोठ्या अक्षरात छापून देते.

आता आशीर्वाद.

तुही आजी


१ डिसेंबर २०२४

आजीले नमस्कार.

ऑफिसातल्या सोफ्यावर बसून लिहितो. माझं मराठी दहाव्या वर्षी आंजीतच राह्यलं, त्यामुळं चुका काढू नको. आपण दोघंही चौथी पास.

भूपेंद्रदादाले सांग, त्याचं बरोबर आहे. मी स्वतः काहीच अडवत नाई. समोरचा संघ काय करणार हे आधी ओळखायचं अन् आपल्या अकरा जणांनी कुठं उभं राह्यचं ते सांगायचं, हेच काम. खेळ सुरू झाला का काठावर उभा राह्यतो, कानाले हेडफोन, हातात कागद. प्रत्येक डावाआधी एक हुकूम द्यायचा, विचार करायले अर्धं मिनिटही भेटत नाई.

पहिल्या वर्षी कॉलेजच्या मैदानाजवळ लोखंडी मचाणावर उभा राहून सरावाचा व्हिडिओ काढत होतो. पगार नव्हता. मग दुसऱ्या गावी, समोरच्या संघाचे व्हिडिओ कापून ठेवायचे, कोणाचा पाय आधी हलते ते लिहायचं. मग मागच्या फळीतल्या चौघांले शिकवायले मिळालं. इथं तीन वर्षांपासून सगळा बचाव माह्याकडे. बारा वर्षांत सात गावं झाली. मोठा कोच गेला का त्यानं आणलेले सगळे जातात, म्हणून मी घरात भिंतीले खिळा ठोकत नाई. फोटो जमिनीवरच टेकवून ठेवतो.

एक गोष्ट तुले आवडन. मागच्या चौघांच्या मी जोड्या लावल्या आहेत. सामन्यात हात धरता येत नाई, नजरेनं धरायचं. एक सरकला का दुसऱ्यानं त्याची जागा भरायची, एकट्यानं झेप घ्यायची नाई. सरावात मात्र खरंच मनगटं धरून पळवतो. पोट्टे त्याले साखळीच म्हणतात. वहीतही तेच नाव आहे, 'साखळी'. या वर्षी आमच्यावरून लांबचा बॉल कोणालेच टाकता आला नाई.

फेब्रुवारीचं आत्ताच सांगू नको कोणाले. जानेवारीत शेवटचा सामना, तो जिंकलो तर पुढं खेळू. फ्लेक्स नका लावू.

अभी


१२ डिसेंबर २०२४

चि. अभीले आजीचा आशीर्वाद. या वेळी आधीच लिहून टाकला.

फ्लेक्स लागला. मी काय करू? तुह्या पत्रात 'नका लावू' होतं, पण ते मी वाचायच्या आधी भूपेंद्रनं वाचलं असन, अन् ज्या अर्थी तू नाई म्हणतं त्या अर्थी येणार, असं त्यानं ठरवलं. कागद हातात देतांनीच म्हणते, "आजी, सात गावं म्हणजे बदल्या का?" मी म्हटलं, तू छापायचं काम कर, वाचायचं मी करीन.

शेजारच्या जयवंताले घेऊन फ्लेक्स पाहाले गेलती. गंज मोठा आहे, एस.टी.च्या टपापेक्षा उंच. तू हेडफोन लावून दूर पाहून राह्यला. जयवंता म्हणते, "कान दुखतात का वं त्याचे?" तिले काय सांगावं! तरी तिनं दोनदा हात जोडले, सवयीनं. मी तिथं उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होती, हा माहा नातू. जे ओळखीचे नव्हते त्याहीलेही सांगतलं. एक बाई आर्वीची निघाली, तिची गाडी सुटली.

पण तुह्या पत्राचा मले राग आला ते आयक. ऑफिसातल्या सोफ्यावर झोपतं म्हणून रक्षानं सांगतलं, पत्रात तू 'बसून' लिहिलं. अन् खिळा काऊन नाई ठोकत? चाळीशी आली, अन् घरात एक कॅलेंडर लटकवाले भिंत नाई! ते कोणते मालक आहेत, माणसाले कामावर ठेवतात अन् खिळ्याची हिंमत होऊ देत नाईत? आबाजींची बदली एकदा आर्वीले झालती, पण त्याहीनं पह्यल्या दिवशीच पाच खिळे ठोकले. बदली रद्द झाली तेव्हा खिळे उपसून आणले, ते वेगळं.

साखळीचं वाचून मात्र मी हातातलं काम टाकून ओट्यावर जाऊन बसली. रक्षाले वाटलं बरं नाई मले. आबाजी असते तर पुलगावपर्यंत सायकलीनं सांगत गेले असते.

वांग्याचं भरीत सुरू झालं आहे, हिरव्या मिरच्या कुटून. तू तिथं काय खातं ते लिहू नको, मले कळते.

आजी


७ जानेवारी २०२५

आजी,

रविवारी हरलो. सोमवारी सकाळी ऑफिसचं दार उघडायचं कार्ड लावलं तर दिवा लाल झाला. तेव्हाच समजलं. मग आतून एक माणूस आला, त्यानं माझं सामान खोक्यात भरूनच आणलं होतं. मोठा कोच राह्यला, मी गेलो.

शेवटचं मिनिट होतं, आपण चार गुणांनी समोर होतो. तोपर्यंत साखळी धरून होती. मग साखळी सोडा, सगळे पुढं घुसा, असा हुकूम आला. पोट्टे घुसले. मागं मोकळं मैदान, त्याहीनं लांब बॉल टाकला, संपलं.

कोणाले सांगू नको. हे फक्त तुह्यासाठी लिहिलं.

अभी


११ जानेवारी २०२५

अभी,

तू लिहिलं कोणाले सांगू नको. मी कोणालेच नाई सांगतलं, देवाची शपथ. मी कागद घ्यायले दुकानात पोचली तर रूपराव, आपल्या गल्लीतला प्रेमदास अन् आणखी तिघं उभे होते अन् माह्याकडे असे पाहत होते जसं मयतीले आले. भूपेंद्रनं छापता छापता वाचून काढलं होतं. "आजी, वाईट झालं," म्हणते. अरे, माह्या घरचं वाईट मले माहीत व्हायच्या आधी तुले माहीत!

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असन? फ्लेक्स उतरवायचा तर पूर्ण उतरवायचा. नाई. नवीन छापाचा खर्च कोण करन? त्यानं तुह्या चेहऱ्यावर स्वतःचा चेहरा चिकटवला! हेडफोन तुहाच. जयवंता म्हणते, "आता यायचेही कान दुखतात." मी तडक दुकानात गेली. म्हटलं, "भूपेंद्र, हे काय?" तर म्हणते, "आजी, बडतर्फ माणसाच्या हातानं उद्घाटन कसं करावं? मंडळाची इज्जत आहे." इज्जत! बोटं धरणाऱ्याची!

बडतर्फ तर बडतर्फ, पण बडतर्फीले अर्ज असते, हे मले त्या वेळीच सुचलं. अण्णाजींकडे गेली. त्याहीनं पुरं आयकलं, लाल पेन काढला, मंग ठेवला, निळा काढला. म्हणाले, "शोभाबाई, केस मजबूत आहे. ना नोटीस, ना चौकशी, ना बाजू मांडायची संधी." चाळीस वर्षांच्या नोकरीत त्याहीनं कार्डाचा दिवा लाल करून कोणाले काढलेलं पाह्यलं नव्हतं. ते इतके भडकले का चहा घेतला नाई.

तर संघाच्या मालकाले अर्ज केला. एक मराठीतून, एक अण्णाजींच्या इंग्रजीतून. तुह्यासाठी उतरवून देते.

'विषय : डिफेन्स कोच श्री. अभिराम यांना पूर्ववत कामावर घेणे, अन्यथा साखळी परत करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की,

एक. श्री. अभिराम यांस कोणतीही पूर्वसूचना न देता कमी करण्यात आले. सदर आदेश रद्द व्हावा.

दोन. तसे शक्य नसल्यास, साखळी ही पद्धत त्यांचे आजोबा कै. मधुकरराव, क्रीडाशिक्षक, यांनी शिकविलेली असल्याने ती आपल्या संघाने यापुढे वापरू नये व वहीतून काढून टाकावी.

तीन. शेवटच्या मिनिटास साखळी सोडण्याचा आदेश आपल्या मोठ्या कोचने दिला असून त्याची शिक्षा निरपराध कर्मचाऱ्यास झाली आहे.'

दुसरं कलम माहं. अण्णाजी म्हणत होते नियमात बसत नाई. मी म्हटलं, माणूस काढला तर त्यानं घरून आणलेलं सामानही परत करायचं. खोक्यात साखळी होती का? नव्हती. उद्या दुसरा मास्तर आणतील अन् त्याच वहीतून शिकवतील, हे मी चालू देणार नाई.

मंग सह्या. दोन दिवस दारोदार फिरली. दोनशे बारा झाल्या, त्यात एकोणतीस अंगठे. प्रेमदासनं विचारलं, "आजी, खरंच त्या मोठ्या मास्तरनं सोडवली का साखळी?" मी म्हटलं, "माहा नातू खोटं लिहिन का?" तर लगेच अंगठा उमटवला त्यानं. रूपरावनंही सही केली, भूपेंद्रले लपवून. भूपेंद्रनं नाई केली, पण अर्जाच्या झेरॉक्स त्याच्याकडूनच काढल्या, अन् तो वाचून राह्यला होता तोपर्यंत मी समोर उभी राह्यली.

खाली अण्णाजींनी लिहिलं, 'प्रत माहितीस्तव : अमेरिकेचे क्रीडामंत्री.' मी विचारलं, असते का असा? म्हणाले, असनच.

सोमवारी स्पीड पोस्टानं जाईन. तू काळजी करू नको. जेवत जा.

आजी


२५ जानेवारी २०२५

आजी,

हे काय केलं तू?

इथं कोणी अर्ज करत नाई. इथं माणूस खोकं उचलते अन् दुसऱ्या संघाले फोन करते. जाता जाता कोणाबद्दल तोंड उघडत नाई, कारण उद्या त्याच माणसाच्या ओळखीवर काम भेटते. मी बारा वर्षं तोंड बंद ठेवलं आहे.

लिफाफा पोचला. ऑफिसातल्या बाईनं मले फोन केला, की एवढे अंगठे कशाचे आहेत. तिले वाटलं आंजीत आमच्या संघाचे चाहते आहेत. तुले एक टोपी पाठवली म्हणे. पण इंग्रजी कागद कोणीतरी पूर्ण वाचला, अन् तिसरं कलम मोठ्या कोचपर्यंत गेलं. त्याचा मले फोन आला.

एका दुसऱ्या संघानं मले तीन फेब्रुवारीले मुलाखतीले बोलावलं आहे. बचाव प्रमुखाचीच जागा. ते पहिला फोन कोणाले करतील? मोठ्या कोचलेच. अन् माह्याकडे तुहा दोनशे बारा सह्यांचा कागद आहे.

पुन्हा काही पाठवू नको. कोणालेच. माझं पत्रही छापू नको, रक्षाकाकूले वाचून दाखवायले सांग.

अभी


२९ जानेवारी २०२५

अभी,

रक्षानं वाचून दाखवलं. रक्षाचा आवाज रडका झाला होता, म्हणून दुसऱ्यांदा मी तिच्या मोबाईलवर बोटानं अक्षरं मोठी करून करून स्वतः वाचलं. हे मले आधीच येत होतं तर भूपेंद्रचा संबंधच आला नसता. असो.

तू मले एवढं बोलला, ते मी आयकून घेतलं. आता मी एक विचारते, ते तू आयक.

तुहं पत्र आलं तेव्हा मले वाटलं, पोट्ट्याले वाचवायचं तर त्या शेवटच्या मिनिटाचा पुरावा पाहिजे. रक्षाच्या मोबाईलवर ते मिनिट लावून मागितलं. एकदा पाह्यलं. मंग पुन्हा. रक्षा शाळेत शिकवाले निघाली तरी मोबाईल देईना मी. अकरा वेळा पाह्यलं, अभी. तीस वर्षं मैदानाच्या काठावर पाट टाकून लोकर विणत सामने पाह्यले मी आबाजींचे. बॉल कुठी जाते ते मी पाहतच नाई, काठावर उभे असतात त्याहीचे चेहरे पाहते.

तुहा मोठा मास्तर, तो टक्कल अन् लाल जाकीट. तो हात बांधून उभा होता. तोंड मिटलेलं. त्याच्या बाजूले तू. तू तो कागद तोंडासमोर धरला, कोणी ओठ वाचू नये म्हणून धरतात तसा, अन् कागदामागून बोलला. मंग मागचे चौघं एकमेकांकडे पाहाले लागले. एकानं तर तुह्याकडे वळून हात पसरले, खरंच का, असं विचारल्यावानी. तू हो म्हणून मान हलवली.

मंग ते घुसले.

मोठ्या मास्तरचं तोंड त्या पूर्ण मिनिटात उघडलं नाई. बॉल पडल्यावर उघडलं, तेव्हाही नुसतंच उघडं राह्यलं.

हुकूम आला, असं तू लिहिलं. कुठून आला?

माह्याकडे दोनशे बारा सह्या आहेत अन् त्यातली प्रत्येक माह्या शब्दावर आहे. प्रेमदासनं मले तोंडावर विचारलं होतं. त्याले मी काय सांगतलं, ते माह्या अकरा तारखेच्या पत्रात पाह्य.

तीन तारखेले मुलाखत आहे म्हणतं. तिथंही हेच विचारतील.

आजी


५ फेब्रुवारी २०२५

आजी,

हुकूम माझाच होता.

मोठ्या कोचनं एकदाच विचारलं, साखळीच ठेवायची ना? मी म्हटलं, नाई, घुसतो. तो म्हणाला, तुझा बचाव, तू ठरव. मले वाटलं एकदा तरी आपण बॉल टाकणाऱ्यालेच पकडावं. पूर्ण वर्ष आम्ही धरून राह्यलो, कोणी नाव घेतलं नाई. जो घुसून पाडते त्याचा फोटो येते. मले तो फोटो पाहिजे होता.

तुले पत्र लिहितांना खोटं लिहायचं ठरवलं नव्हतं. 'मी हुकूम दिला' असं लिहायले गेलो अन् पेन 'हुकूम आला'वर थांबला. तेवढंच ठेवलं. तू बाकीचं भरून घेशील हे मले माहीत होतं.

त्यानं फोन केला तेव्हा ओरडला नाई. एवढंच विचारलं, "तू घरी असं सांगितलं?" त्यानं थोडी वाट पाहून फोन ठेवला. मग मी तुह्यावर चिडून पत्र लिहिलं.

मुलाखतीत तिघं होते. तिसराच प्रश्न त्या शेवटच्या मिनिटाचा होता. मी जातांना विमानात दुसरं उत्तर तयार केलं होतं, गुळगुळीत. पण तू लिहिलेलं ते टक्कल अन् लाल जाकीट डोक्यातून जाईना. मी म्हटलं, माझाच हुकूम, अन् चुकीचा होता. बाहेर येऊन मोठ्या कोचले फोन केला अन् त्यालेही तेच सांगतलं. तो म्हणाला, ठीक आहे. मग म्हणाला, तुझ्या आजीचं दुसरं कलम मात्र मी मान्य करणार नाई, साखळी मी ठेवणार.

प्रमुखाची जागा दुसऱ्याले दिली. मले मागच्या चौघांचा कोच म्हणून घेतो म्हणाले. एक पायरी खाली. तीन मार्चले हजर व्हायचं. हो म्हटलं. आठवं गाव.

तोपर्यंत मोकळा आहे. पण आंजीले कोणत्या तोंडानं येऊ?

अभी


११ फेब्रुवारी २०२५

अभी,

कोणत्या तोंडानं म्हणजे? तुह्यापाशी दोन आहेत का? जे आहे तेच घेऊन येजो.

मी तीन दिवस तुह्याशी मनातल्या मनात बोलली नाई. हरल्याचा राग नाई. अरे, आबाजी सतरा वेळा हरलेले मी स्वतः पाह्यले, घरी येऊन पाय धुवून जेवायचे. राग याचा, का माही म्हातारीची चप्पल झिजली तुह्या अर्ध्या वाक्यापायी! दोनशे बारा घरं नसतील, पण शंभर तरी उंबरे असतील. अन् त्या परक्या माणसाले, त्या टकल्याले, मी दोन दिवस पूर्ण गावात शिव्या देल्या. तो बिचारा हात बांधून उभा होता. त्याची माय असन ना कुठी?

चौथ्या दिवशी अण्णाजींकडे गेली, सांगतलं. ते खाली बसले. मंग म्हणाले, "शोभाबाई, शुद्धिपत्रक काढावं लागन." लाल पेन काढला या वेळी. लिहिलं, 'दि. ११ जानेवारीच्या अर्जातील कलम तीन चुकीच्या माहितीवर आधारित असल्याने रद्द समजावे. कलम दोन कायम.' कायमच! टकला मान्य करो का न करो.

मंग पुन्हा त्याच घरांले फिरली, कारण ज्याहीनं सही केली त्याहीलेच शुद्धिपत्रकावरही करावी लागते, असं अण्णाजींचं म्हणणं. प्रत्येक दारात मी स्वतः म्हटलं, "माह्या नातवानंच सोडली साखळी. मले अर्धं माहीत होतं, मी तुमाले पूर्ण सांगतलं." जयवंता म्हणाली, "मंग काय झालं वं, आत ये, पाटवडी झाली." रूपराव सही करता करता हसला, या वेळी आवाज काढून. प्रेमदासच्या दारात मात्र माहे पाय अडले. तो ओट्यावरच होता. मी सांगतलं. त्यानं आयकून घेतलं, शाईत बोट बुडवलं, अन् म्हणते, "आजी, मागच्या खेपेले डावा होता, आता उजवा लावू का?" मी म्हटलं, "डावाच लाव." मंग म्हणते, "पोट्ट्यानं सांगतलं तरी. आमच्या इथं तर फ्लेक्सवर चेहरे बदलतात."

टोपीही आली काल. सोबत छापील कागद, रक्षानं वाचला, 'प्रिय चाहते, तुमच्या पाठिंब्याबद्दल आभार.' पाठिंबा! साखळी परत मागितली तर टोपी! अण्णाजी म्हणतात पोच समजा अन् फायलीत लावा. फायलीत टोपी कशी लावतात ते मी त्याहीलेच विचारलं. लोणच्याच्या बरणीवर ठेवली आहे, बरोबर बसली.

आता आज काय झालं ते. सकाळीच पहिले आला भूपेंद्र. चपला पार फाटकापाशी काढल्या. मागून रूपराव अन् मंडळाचे दोघं. उद्घाटनाले तुह्या जागी जो मोठा पाहुणा ठरवला होता त्यानं नाई कळवलं म्हणे, अन् फ्लेक्सवर भूपेंद्रचाच चेहरा आहे हे आता त्याहीच्या लक्षात आलं. मंडळातल्या पोट्ट्यांनी त्याले बस स्टँडवर उभं करून विचारलं म्हणे, "दादा, तुमचेच हेडफोन का?" तर आता म्हणते, "आजी, अभिराम येत असन तर चिकटवलेलं काढतो. पाण्यानं निघते."

मी चहा ठेवला नाई. म्हटलं, "शाल नको, नारळ नको. तो आला तर माइक द्यायचा. तो गावासमोर उभा राहून सांगन, शेवटच्या मिनिटाले साखळी मी सोडली. मंग तुमच्या पोट्ट्यांची मनगटं धरून दाखवन. हे चालते का?"

भूपेंद्र डोकं खाजवून म्हणते, "असं भाषण आजपर्यंत कोणी केलं नाई इथं."

"म्हणूनच विचारून राह्यली."

तो रूपरावकडे पाहाले लागला. रूपराव सोफ्यावरून उठला, सोफा बोलला, अन् रूपराव पहिल्यांदाच बोलला, "चालते."

आता माहा शब्द पुन्हा गेला आहे, अभी. या वेळी अर्धा नाई, पूर्ण देला, तुले न विचारता. मागच्या ओसरीतल्या खोलीत आबाजींचे ते पाच खिळे डब्यात होते, त्यातला एक रक्षाकडून भिंतीत ठोकून घेतला. काय लटकवायचं ते तू ठरव.

मंडळवाले पक्कं करायले पुढच्या बुधवारी सकाळी येतो म्हणून गेले, एकोणीस तारखेले. तू मंगळवारी येजो.

आजी